मोटरसायकलला नवे ब्रेक आणि क्लच लिव्हर कसे बसवावेत

बाहेरचे लिव्हर लावायची कारणे प्रत्येकाची वेगळी असतात. कुणाचा हात लहान असतो आणि कंपनीचा लिव्हर मुठीपासून इतका लांब, की बोटांची नुसती टोकेच पोचतात. कुणाची गाडी आडवी पडून लिव्हर वाकलेला असतो. कुणाला ते दिसायला आवडतात, आणि त्यातही काही वावगे नाही. काम तासाभराचे आहे, दोन-तीन पान्यांत होते आणि ब्रेक ऑइल काढावे लागत नाही. तरीही ग्रिप किंवा आरसे बदलण्याइतके हे काम मी हलके धरत नाही. पुढच्या ब्रेकचा लिव्हर थेट मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या पंपाच्या, पिस्टनला ढकलतो, आणि तिथे एखाद्या मिलिमीटरची गफलत झाली तर चालत्या गाडीचे पुढचे चाक जाम होऊ शकते.

घेताना काय बघायचे

लिव्हर 'सगळ्या गाड्यांना चालतो' असे सांगून कुणी विकत असेल तर घेऊ नका. लिव्हर गाडीच्या मॉडेलप्रमाणे नाही, तर त्यावरच्या मास्टर सिलिंडरप्रमाणे आणि क्लचच्या ब्रॅकेटप्रमाणे बसतो. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळा मास्टर सिलिंडर असू शकतो, एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाडीतही फरक असू शकतो. म्हणून मॉडेल, वर्ष आणि एबीएस या तिन्ही गोष्टी सांगूनच लिव्हर मागवा.

नंतर लांबीचा विचार. आखूड लिव्हर दोन बोटांनी दाबायचे असतात. बाकीची दोन बोटे मुठीवरच राहतात आणि लिव्हरखाली चिरडत नाहीत, हा त्यांचा खरा फायदा. पण बोटे पिव्हटच्या, म्हणजे लिव्हर ज्या बोल्टभोवती फिरतो त्याच्या, जितकी जवळ, तितका जोर जास्त लागतो. समजा पिव्हटपासून पिस्टनचे अंतर २० मिमी आहे. बोटे पिव्हटपासून १२० मिमीवर असतील तर जोर सहापट होऊन पिस्टनवर पडतो. बोटे ९० मिमीवर आली की तो साडेचारपटच होतो, म्हणजे तेवढ्याच ब्रेकसाठी एक तृतीयांश जास्त दाबावे लागते. ज्या गाडीचा ब्रेक दोन बोटांत सहज लागतो तिला आखूड लिव्हर शोभतो. ज्या गाडीला आत्ताच चार बोटांनी आवळावे लागते, तिला पूर्ण लांबीचाच घ्या. क्लच जड असेल तर तिथेही हाच नियम.

अंतर कमी-जास्त करायची सोय असलेला लिव्हर घ्यावा असे माझे ठाम मत आहे. बाकी सगळ्या सोयींपेक्षा हीच रोज उपयोगी पडते. दुमडणारा लिव्हर पडल्यावर वर किंवा बाहेर वळतो आणि तुटायचा वाचतो. खराब रस्त्यावर आणि मातीत चालवणाऱ्यांसाठी तो चांगला, मात्र त्यात एक सांधा जास्त असतो आणि स्वस्त मालात तो सांधा लवकर खिळखिळा होतो.

कंपनीचे लिव्हर बहुतेक ओतीव असतात. बाहेरचे चांगले लिव्हर ६०६१ किंवा ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कापलेले असतात. नुसता आकडा छापलेला असणे पुरेसे नाही. लिव्हर हातात घेऊन पिव्हटच्या छिद्रात तुमच्या गाडीचा बोल्ट घालून बघा, तो न अडखळता जावा पण आत डुगडुगू नये. कडा बोटाला कापतील इतक्या धारदार नकोत. टोकाला गोलाकार गोळा असावा. एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाच्या शर्यतींच्या नियमांत हा गोळा किमान १६ मिमी व्यासाचा लागतो, कारण पडल्यावर टोकदार लिव्हर शरीरात घुसू शकतो. रस्त्यावरच्या गाडीलाही ते तितकेच लागू आहे. जर्मनीत असे सुटे भाग एबीई नावाच्या मंजुरीसह विकले जातात. ती कागदपत्रे सोबत असतील तर कुणीतरी तो भाग तपासला आहे एवढी तरी खात्री होते.

सुरुवात क्लचपासून करा

गाडी सपाट जागी स्टँडवर उभी करा, इंजिन थंड असू द्या. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे जवळून फोटो काढून ठेवा, विशेषतः खालून. स्विच आणि वॉशर कुठे कसे होते ते नंतर आठवत नाही. हँडगार्ड असतील तर आधी काढा.

वायरच्या क्लचवर लिव्हरपाशी वायर ताणायचा गोल ॲडजस्टर असतो. त्याचा लॉकनट सैल करून ॲडजस्टर पूर्ण आत फिरवा, म्हणजे वायर ढिली पडेल. ॲडजस्टर, लॉकनट आणि ब्रॅकेट या तिघांनाही एकेक खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत आणल्या की वायर त्यातून बाहेर निघते. वायर पुरेशी ढिली होत नसेल तर इंजिनकडच्या टोकाचा ॲडजस्टरही सैल करावा लागेल. वायर पक्कडीने ओढू नका, तिचे तार तिथूनच तुटायला लागतात.

आता पिव्हटचा नट खालून काढा. नट काढल्यावरही बोल्ट सहसा लगेच निघत नाही, कारण कित्येक गाड्यांत तो ब्रॅकेटच्या खालच्या कानात आट्यांनी बसलेला असतो. त्याला वरून उलटा फिरवून काढायचे, हातोडीने ठोकायचे नाही. लिव्हर बाहेर आला की वायरच्या टोकाचा धातूचा गोळा त्याच्या खोबणीतून सरकवून काढा. जुन्या लिव्हरमध्ये पिव्हटला पितळी बुश (बोल्टभोवतीची नळी) असेल तर ते नीट बघा. पुष्कळदा नव्या लिव्हरसोबत बुश येत नाही आणि जुनेच काढून घालावे लागते. ते विसरले तर लिव्हर बसतो खरा, पण वर-खाली हलत राहतो.

जुने ग्रीस आणि घाण पुसून बुशला, बोल्टच्या गुळगुळीत भागाला आणि वायरच्या गोळ्याला थोडे ग्रीस लावा. मग उलट्या क्रमाने बसवा. बोल्ट हलक्या हाताने पुरेसा आवळा. लिव्हर सहज फिरला पाहिजे आणि सोडल्यावर स्वतःहून परत आला पाहिजे. त्यानंतर बोल्ट स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवून नट आवळा. कित्येक गाड्यांत हा नट ६ न्यूटन मीटरच्या आसपासच असतो, म्हणजे पाना दोन बोटांनी ओढण्याइतका. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. आवळल्यावर लिव्हर जड झाला तर बोल्ट प्रमाणाबाहेर घट्ट बसला आहे, नट सोडून पुन्हा करा.

शेवटी वायरची ढिल. बहुतेक गाड्यांना लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिमी मोकळी हालचाल लागते. ढिल कमी असेल तर क्लच पूर्ण जुळत नाही, इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही, आणि प्लेटा जळतात. जास्त असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकायला बघते, न्यूट्रल सापडत नाही. नवा लिव्हर लावल्यावर ढिल बरोबर असूनही क्लच पूर्ण सुटत नसेल, तर त्या लिव्हरमध्ये पिव्हट आणि वायर यांतले अंतर कमी ठेवलेले आहे. असा लिव्हर हाताला हलका लागतो, पण वायर कमी ओढतो. तो परत करा.

ब्रेकची बाजू

काढण्याची रीत तीच, फक्त इथे वायर नाही. नट, बोल्ट काढला की लिव्हर सरळ पुढे ओढून निघतो. मास्टर सिलिंडरचे रबरी बूट आणि त्यातून डोकावणारे पिस्टनचे टोक दिसेल. ते आतल्या रिंगने अडवलेले असते, बाहेर पडत नाही, पण त्याच्याशी खेळू नका. काही गाड्यांत पिस्टन आणि लिव्हर यांच्यामध्ये छोटा दांडा असतो आणि तो लिव्हरमधल्या पितळी बुशात बसतो. तो दांडा आणि बुश दोन्ही नव्या लिव्हरमध्ये त्याच दिशेने गेले पाहिजेत. पिस्टनच्या टोकाला सिलिकॉन ग्रीस लावा. साधे पेट्रोलियम ग्रीस इथे चालत नाही, ते ब्रेकच्या रबरी सीलना फुगवते.

आता तो मिलिमीटर. मास्टर सिलिंडरमध्ये, पिस्टन पूर्ण मागे असताना त्याच्या सीलच्या किंचित पुढे, एक बारीक छिद्र असते आणि ते वरच्या ऑइलच्या टाकीत उघडते. लिव्हर सोडलेला असताना हे छिद्र उघडे राहायला हवे. ब्रेक वापरून ऑइल तापते आणि फुगते, आणि ते जास्तीचे ऑइल याच वाटेने टाकीत परत जाते. नव्या लिव्हरचे पिस्टनला टेकणारे नाक जरा जरी लांब असेल, तर लिव्हर सोडलेला असूनही पिस्टन थोडासा दाबलेला राहतो आणि छिद्र बंद होते. मग फुगलेल्या ऑइलला जायला वाट नसते. पॅड डिस्कला घासू लागतात, त्यामुळे आणखी उष्णता, आणखी फुगणे, आणखी दाब. लिव्हरला बोट न लावता ब्रेक लागत जातो आणि काही किलोमीटरनंतर चाक अडते. थंड गाडीवर, स्टँडवर चाक फिरवून बघितले तर यातले काहीच दिसत नाही. म्हणूनच ही चूक घरी सुटते आणि रस्त्यावर कळते.

ती ओळखण्याच्या दोन चाचण्या आहेत, दोन्ही करा. पहिली बोटाची. लिव्हरचे टोक अगदी हळू दाबा. पिस्टनचा विरोध लागण्याआधी लिव्हर थोडा मोकळा हलला पाहिजे. सोडलेला लिव्हर मास्टर सिलिंडरच्या बॉडीवर टेकून थांबायला हवा, पिस्टनवर नव्हे. अंतराचा ॲडजस्टर असेल तर त्याच्या प्रत्येक आकड्यावर हे तपासा. काही लिव्हरमध्ये एका टोकाच्या आकड्यावर ही मोकळी हालचाल संपते.

दुसरी चाचणी डोळ्याची. हँडल असे वळवा की टाकी सपाट राहील, भोवती फडके पसरा, डोळ्यांना चष्मा लावा आणि टाकीचे झाकण काढा. लिव्हर अगदी थोडा, हळूच दाबा. दाबायला सुरुवात होताच ऑइलच्या पृष्ठभागावर बारीक तरंग किंवा इवलेसे कारंजे उठले तर छिद्र उघडे आहे. काहीच हालचाल नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नका. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग उडतो, थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

नाक लांब निघाले तर ते कानशीने घासून बसवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मी तो देणार नाही. घासलेला पृष्ठभाग तिरपा झाला तर पिस्टनवर आडवा दाब येतो, आणि ज्या कारखान्याने एवढे महत्त्वाचे माप चुकवले त्याने पिव्हटचे माप बरोबर ठेवले असेल हे कशावरून? लिव्हरवर या मोकळ्या हालचालीसाठी वेगळा स्क्रू आणि लॉकनट दिलेला असेल तर गोष्ट निराळी, तो मॅन्युअलप्रमाणे लावा आणि लॉकनट घट्ट करा.

स्विच, कोन आणि अंतर

ब्रेक लिव्हरखाली मागच्या दिव्याचा स्विच असतो, क्लचखाली स्टार्टरचा. दोन्हींचे चिमुकले बटण लिव्हरच्या एका कोपऱ्याने दाबले जाते. नव्या लिव्हरचा तो कोपरा वेगळा असेल तर ब्रेकचा दिवा सतत पेटलेला राहतो किंवा पेटतच नाही. लिव्हर बसवताना बटण बाजूला सारून बसवा, ते सहज तुटते. दिवा हलक्या दाबावरच लागायला हवा.

कोन ठरवताना गाडीवर नेहमीसारखे बसा, बोटे सरळ करा. कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष राहील असा लिव्हर हवा. मनगट वर किंवा खाली मोडत असेल तर ब्रॅकेटचे क्लँप सैल करून फिरवा. अंतर इतके ठेवा की बोटाचे पहिले पेर लिव्हरवर आरामात बसेल, पण ब्रेक जोरात दाबल्यावर लिव्हर मुठीला टेकणार नाही. ॲडजस्टर दोन आकड्यांच्या मध्ये अडकलेला राहू देऊ नका, आणि चालत्या गाडीवर तो फिरवू नका.

रस्त्यावर नेण्याआधी

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, लिव्हर पेट्रोलच्या टाकीला, काचेला किंवा फेअरिंगला लागतो का ते बघा. ब्रेक अर्धा मिनिट पूर्ण जोराने दाबून धरा, लिव्हर आत बसत जाता कामा नये. मग इंजिन सुरू करून मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने पुढचा ब्रेक पुन्हा पुन्हा लावा. ठीक वाटले तर आठ-दहा किलोमीटर जाऊन या. वाटेत ब्रेक मुद्दाम भरपूर वापरा. परत आल्या आल्या गाडी मधल्या स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (चाक उचलणाऱ्या सुट्या स्टँडवर) घेऊन पुढचे चाक उचला आणि हाताने फिरवा. ते निघताना जितके मोकळे फिरत होते तितकेच आताही फिरायला हवे. अडत असेल तर जुना लिव्हर पुन्हा लावा. तापलेल्या डिस्कला हात लावू नका, नुसता हात जवळ नेला तरी ऊब कळते.

पहिल्या आठवड्यात पिव्हटचे दोन्ही नट एकदा पाना लावून बघा. पुढे नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पिव्हट साफ करून नवे ग्रीस लावा. जुने लिव्हर चांगल्या स्थितीत असतील तर बुशसकट एका पिशवीत ठेवा आणि लांबच्या प्रवासात सोबत घ्या. वाटेत लिव्हर तुटला तर त्याच पान्यांनी तो रस्त्याकडेला बदलता येतो.