व्हाळावरचं (ओढ्यावरचं) टर्बाइन फिरतंय, पण वीज मिळत नाही? या चुका टाळा

चाक गरागरा फिरतंय म्हणजे काम झालं, असं समजू नका. बिनभाराचं, म्हणजे वीज न काढता मोकळं सोडलेलं चाक सगळ्यात जोरात फिरतं आणि नेमकं तेव्हाच ते पाण्याकडून जवळपास काहीच घेत नसतं.

पेल्टन चाकाचंच बघा: याच्या कडेला वाट्या असतात आणि त्यांच्यावर पाण्याची धार मारून ते फिरवतात. 50 मीटर उंचीवरून आलेलं पाणी नोझलमधून (पाइपच्या निमुळत्या तोंडातून) सेकंदाला सुमारे 31 मीटर वेगाने सुटतं. वाट्या जागेवर रोखून धरल्या तर काम शून्य, धारेच्याच वेगाने पळाल्या तरी शून्य. वाट्यांचा वेग धारेच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे साडेचौदा मीटरच्या आसपास असेल, तेव्हा पाणी दमून खाली पडतं. त्याच्यातला जोर चाकाने घेतलेला असतो.

म्हणून बिघाड शोधताना आधी मीटर नको, पडणारं पाणी बघा. ते वाट्यांच्या उलट दिशेला उसळत असेल तर चाक धारेच्या मानाने सावकाश आहे: भार जास्त किंवा पुलीचं गुणोत्तर चुकलेलं. चाकाबरोबर पुढे उडत असेल तर वेग जास्त झालाय. बहुतेक वेळा दोष चाकाच्या व्यासात असतो. 50 मीटरला 1500 आरपीएमच्या (मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या) जनरेटरशी थेट जोडायचं चाक साधारण 18 सेंमी व्यासाचं लागतं. 'मोठं चाक, जास्त ताकद' म्हणत 40 सेंमीचं बसवलं, तर ते 700 फेऱ्यांच्या आसपास रमतं. मग पुली बदला, नाहीतर चाक.

आणि पेल्टन पाण्यात बुडवू नका. ते हवेतच फिरायला हवं, कारण पाण्यातला दाब नोझलपाशीच वेगात बदललेला असतो. खोपोलीच्या वीजकेंद्रात 1915 पासून घाटावरचं पाणी 500 मीटरहून अधिक उंचीवरून पेल्टनवर सोडलं जातंय. घर्षण सोडलं तर एवढ्या उंचीवरून धार ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते.

फ्रान्सिस आणि कॅप्लान या दुसऱ्या प्रकारच्या टर्बाइनांचं गणित वेगळं. ही चाकं पाण्याने पूर्ण भरलेली असतात, दाबही तिथेच उतरतो, आणि खाली रुंद होत जाणारी ड्राफ्ट ट्यूब, म्हणजे पाणी बाहेर नेणारा पाइप, पाण्याला मागून ओढते. 'हा पाइप नुसता पाणी सोडायला आहे' म्हणून तो कापला, किंवा त्याच्या सांध्यातून हवा शिरली, की ती ओढ गेली. चाकात खडे वाजल्यासारखा आवाज येत असेल तर पोकळीकरण असू शकतं: कमी दाबात बुडबुडे बनतात, फुटतात आणि पात्याचा पृष्ठभाग खातात. चाक खालच्या पाण्यापासून फार उंच बसलंय का, ते आधी तपासा.

आता पाइप, कारण पैसा इथेच वाया जातो. सेकंदाला 5 लिटर पाणी, 200 मीटर लांबी, 50 मीटर उंची. 75 मिमीच्या पीव्हीसीत घर्षणाला चार-पाच मीटर जातात. पैसे वाचवायला 50 मिमीचा घेतला, तर 50 पैकी सुमारे 35 मीटर पाइपच खातो. उरलेल्या 15 मीटरवर कुठलंही टर्बाइन लावा, दोष त्याला देऊ नका. नळी बरोबर असेल तर या पाण्यातून सैद्धांतिक अडीच किलोवॉटपैकी सव्वा-दीड हाती येतात.

पाइप 'सहा केजी'चा (चौरस सेंमीला सहा किलो दाब सोसणारा) घेणं ही दुसरी फसगत. तो 60 मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला असतो, आणि झडप झटक्यात बंद केली तर 75 मिमीच्या पाइपातल्या पाण्याच्या वेगाला आणखी 50 मीटरच्या घरातला झटका बसतो. दहा केजीचाच घ्या, झडप सावकाश फिरवा. पेल्टनला धार वळवणारी पत्री लावून ठेवा. भार अचानक सुटला तर चाक नेहमीच्या वेगाच्या पावणेदोन पटीपर्यंत पळू शकतं.

स्वस्तात म्हणून पाण्याचा पंप उलटा, टर्बाइनसारखा वापरतात. चालतो, पण एकाच ठराविक प्रवाहाला. आणि तो उलटा फिरत असल्याने आट्यांनी बसवलेला इंपेलर (पंपातलं चाक) सैल होऊ शकतो, तो लॉक करून घ्या.

शेवटी मोजमाप. उंची गवंड्याच्या लेव्हल पाइपने घ्या, मोबाइलच्या अंदाजाने नको. आणि प्रवाह बादली-घड्याळाने मोजायचा तो होळीच्या सुमारास. ऑगस्टात प्रत्येक व्हाळ कोयना असतो.