कॅरव्हॅन घाटाखाली नेताना: वजन, जोडणी आणि उतार

इंदूरहून गाडीमागे कॅरव्हॅन, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, जोडून निघणाऱ्याला हात बसायला फार वेळ मिळत नाही. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. महेश्वर आणि ओंकारेश्वर ही बहुतेकांची पहिली ठिकाणं खाली निमाडात, नर्मदेकाठी, दोनशे मीटरच्याही खाली आहेत. खंडवा रोडनं गेलात तर सिमरोल ओलांडल्यावर भेरूघाट लागतो, आग्रा-मुंबई रस्त्यानं गेलात तर मानपूरनंतर गणपती घाट. अंगणात सामान भरताना झालेली चूक तास-दीड तासात उतारावर समोर येते, आणि तिथे ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून या लेखाचा मोठा भाग गाडी सुरू करण्याआधीच्या कामांबद्दल आहे.

आधी कागद आणि पाटी

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. त्यामुळे कॅरव्हॅनची स्वतंत्र नोंदणी, नंबरप्लेट आणि विमा हवा. ओढणाऱ्या गाडीच्या विम्यात ट्रेलर ओढणं धरलेलं आहे का, तेही कंपनीकडून लेखी घ्या.

त्यानंतर तीन आकडे एका कागदावर लिहा. पहिला, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेली ओढण्याची कमाल मर्यादा. मॅन्युअलमध्ये ओढू नका असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला, इंजिन कितीही दमदार असो. दुसरा, कॅरव्हॅनच्या पाटीवरचं भरलेल्या अवस्थेतलं कमाल वजन. तिसरा, टो-बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे कॅरव्हॅन अडकवायच्या गोळ्यावर, खाली किती भार चालतो तो. हा तिसरा आकडा गाडीचा, टो-बारचा (तो गोळा धरणाऱ्या दांड्याचा) आणि कॅरव्हॅनच्या कपलरचा (गोळ्यावर बसणाऱ्या तिच्या पुढच्या खोबणीचा) वेगवेगळा असतो. त्यातला सर्वांत लहान आकडा तुमचा.

नवशिक्यांसाठी युरोपात एक ठोकताळा वापरतात: भरलेली कॅरव्हॅन रिकाम्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जड नसावी. १७०० किलोच्या गाडीमागे १४४५ किलो झाले. हा कायदा नाही, पण घाट उतरायचा असेल तर याच्या बरंच खाली राहिलेलं चांगलं. ७५० किलोपर्यंतच्या छोट्या ट्रेलरना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. त्यांचं सगळं ओझं तुमच्या गाडीच्या ब्रेकवर येतं, त्यामुळे ते गाडीच्या निम्म्या वजनाच्या आतच ठेवा.

सामानाचा हिशेब

समजा कॅरव्हॅन रिकामी ९८० किलो आहे आणि पाटीवर कमाल १२५० लिहिलंय. हातात उरले २७० किलो. आता मोजू या. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी ३० किलो. टाकीत ६० लिटर पाणी, म्हणजे ६० किलो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर लोखंडासकट ३० किलोच्या आसपास. ताडपत्री-मांडव आणि त्याचे खांब २५, घडीच्या खुर्च्या-टेबल २०, गाद्या-पांघरुणं ३५, जॅक, पाने आणि ठोकळे २५, भांडी आणि शिधा ३०. बेरीज २५५ झाली. उरले १५ किलो, आणि अजून कोणाचेही कपडे आत गेलेले नाहीत.

कात्री लावायची तर आधी पाण्याला लावा. टाकी रिकामी करून निघा आणि मुक्कामी भरा. पाणी न्यायचंच असेल तर टाकी काठोकाठ भरा, अर्धी कधीच नको. अर्ध्या टाकीतलं पाणी प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक ब्रेकला एका अंगाला धावतं आणि तो धक्का थेट जोडणीवर येतो. सिलिंडरही ५ किलोचा घेतला की जागा आणि वजन दोन्ही वाचतं.

काय कुठे ठेवायचं

जड वस्तू जमिनीलगत आणि चाकांच्या आसाच्या वर, किंवा आसाच्या किंचित पुढे. मध्यम वजनाच्या वस्तू त्यांच्या भोवती, जमिनीवरच. वरच्या कपाटांत फक्त कपडे, उशा, प्लास्टिकची भांडी. लोणच्याची काचेची बरणी आणि बिडाचा तवा वरच्या कपाटात गेले तर पहिल्या मोठ्या गतिरोधकाला कपाटाची कडी तुटते. डावी-उजवी बाजूही तोलून घ्या. स्वयंपाकाचा ओटा आणि बॅटरी एकाच बाजूला असतील तर सुटं जड सामान दुसऱ्या बाजूला हलवा.

मागच्या टोकाला ओझं लादण्याची चूक सर्रास होते, कारण मागचा दरवाजा उघडला की तिथेच जागा दिसते. समजा २० लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन आसाच्या २.२ मीटर मागे ठेवला आणि आसापासून टो-बॉल ३.६ मीटर पुढे आहे. २० गुणिले २.२ भागिले ३.६, म्हणजे टो-बॉलवरचा भार १२ किलोंनी हलका झाला. मागे असे दोन कॅन आणि सायकलचा स्टँड लावला की कॅरव्हॅनचं नाक वर उचललं जातं आणि तिचं शेपूट गाडीला हलवायला लागतं.

मग मागचं वजन तसंच ठेवून पुढेही तेवढंच टाकावं, म्हणजे तोल साधेल, असं वाटतं. काट्यावर आकडा बरोबर येईलही, पण कॅरव्हॅन कावडीसारखी होते. खांद्यावरच्या कावडीच्या दोन्ही टोकांना भरलेल्या घागरी असल्या की ती समतोल असते, पण एकदा हेलकावायला लागली की थांबत नाही. टोकं हलकी ठेवा, वजन मधे आणा.

आत कोणालाही बसवू नका. आजी-आजोबांना आडवं व्हायला बरं पडेल म्हणूनही नाही. आत सीटबेल्ट नसतो आणि गाडी चालवणाऱ्याला मागे काय चाललंय ते कळत नाही.

काटा करून घ्या

सामान भरल्यावर धर्मकाट्यावर जा. देवास नाक्याकडे ट्रकांसाठीचे काटे आहेत, पावती मिळते. कॅरव्हॅन जोडलेलीच ठेवा, गाडी काट्याच्या पलीकडे उतरवा आणि फक्त कॅरव्हॅनची चाकं काट्यावर घ्या. त्या आकड्यात टो-बॉलवरचा भार मिळवला की कॅरव्हॅनचं खरं वजन मिळतं.

टो-बॉलवरचा भार मात्र ट्रकच्या काट्यावर मोजू नका, तिथे पाच-दहा किलोचा फरक दिसतच नाही. घरी सपाट फरशीवर चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. कपलरच्या खाली घरातला वजनाचा काटा ठेवा, त्यावर पातळ फळी आणि फळीवर उभा लाकडी दांडा. दांड्याची उंची अशी हवी की कपलर नेहमीच्या जोडणीच्या उंचीवर राहील. मग पुढचं छोटं चाक, म्हणजे जॉकी व्हील, हळूहळू वर घ्या, सगळा भार दांड्यावर येईपर्यंत. काट्याची मर्यादा आधी पाहून घ्या.

हा भार कॅरव्हॅनच्या खऱ्या वजनाच्या ५ ते ७ टक्के हवा. १२५० किलोला साधारण ६३ ते ८८ किलो. टो-बारवर ७५ लिहिलं असेल तर तुमची मर्यादा ६३ ते ७५. कमी भरला तर शेपूट डोलतं. जास्त भरला तर गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं. आकडा बसत नसेल तर वजन वाढवू-घटवू नका. बॅटरी किंवा हत्यारांची पेटी अर्धा फूट पुढे-मागे सरकवून पुन्हा मोजा.

टायर

कॅरव्हॅनचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात, कारण वर्षातले दहा-अकरा महिने ती उन्हात एका जागी उभी असते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालातला २३ वा आठवडा. पाच वर्षं झाली की रबरातल्या बारीक भेगा वाकून बघा, सात झाली की नक्षी कितीही शाबूत असो, टायर बदला. स्टेपनीचंही वय पाहा. हवा टायर थंड असताना, निघण्याआधी, कॅरव्हॅनच्या पाटीवरच्या आकड्याप्रमाणे भरा. ‘उन्हाळा आहे, थोडी कमी ठेवा’ हा पंक्चरवाल्याचा सल्ला इथे मानू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, वाकल्यानं तापतो आणि मे महिन्यातल्या निमाडच्या रस्त्यावर फुटतो. गाडीच्या मागच्या चाकांत मॅन्युअलमध्ये पूर्ण भारासाठी दिलेली हवा भरा. चाकांचे नट टॉर्क पान्यानं समोरासमोरच्या क्रमानं आवळा आणि पहिल्या ४०-५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. घाटाआधीचा चहा त्यासाठी सोयीचा.

जोडणी

घाई इथेच नडते. पुढचा क्रम मोडू नका आणि मधेच कोणी हाक मारली तर पहिल्यापासून सुरू करा.

१. कॅरव्हॅनचा हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले. गाडी मागे घेताना कपलर टो-बॉलच्या वर राहील एवढं जॉकी व्हील खाली.

२. कपलर टो-बॉलवर उतरवा. खटका बसल्याचा आवाज आला तरी त्यावर विश्वास ठेवू नका. जॉकी व्हीलची मूठ उलटी फिरवून कॅरव्हॅनचं नाक उचला. गाडीचं मागचं अंग दोन-तीन सेंटिमीटर सोबत उचललं गेलं तरच कपलर बसलाय.

३. ब्रेकअवे केबल, म्हणजे जोड सुटल्यास कॅरव्हॅनचे ब्रेक लावणारी बारीक तार, टो-बारवरच्या तिच्या कडीत अडकवा. नुसती टो-बॉलच्या मानेभोवती टाकू नका, कपलर निसटला की तीही निसटते. साखळ्या असतील तर जोडाखालून एकमेकींवर फुली करून लावा, म्हणजे नाक पडलं तर झोळीत पडेल. वळताना ताणणार नाहीत आणि रस्त्यावर घासणारही नाहीत एवढी ढील ठेवा.

४. विजेचा प्लग लावा आणि कोणाला तरी मागे उभं करून एकेक दिवा बघा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद लुकलुकायला लागला किंवा सगळेच दिवे अंधूक झाले, तर बल्बऐवजी अर्थिंगची जोडणी तपासा. सात पिनांच्या प्लगमध्ये ती ३ नंबरची पिन. बहुधा गंज धरलेला असतो, पॉलिश पेपरनं घासला की काम होतं.

५. जॉकी व्हील पूर्ण वर, पट्ट्यानं आवळलेलं. कोपऱ्यांचे चारही पाय वर. सिलिंडर उभा, पट्ट्यानं बांधलेला, रेग्युलेटर बंद. छपराची खिडकी बंद. हँडब्रेक सोडा आणि शेवटी ठोकळे उचला.

आता वीस पावलं बाजूला जाऊन बघा. कॅरव्हॅन सपाट किंवा नाकाकडे अगदी किंचित झुकलेली दिसली पाहिजे. उंच एसयूव्हीला टो-बॉल बरेचदा फार वर बसवलेला असतो. युरोपात भरलेल्या गाडीत तो जमिनीपासून ३५ ते ४२ सेंटिमीटरवर ठेवतात. नाक वर राहत असेल तर फॅब्रिकेटरकडून जुगाड करून घेऊ नका, गाडीसाठी मान्य असलेला खालचा टो-बार बसवा. आरशांत कॅरव्हॅनच्या दोन्ही कडा आणि मागचा रस्ता दिसत नसेल तर जोडआरसे हवेतच.

रस्त्यावर आणि उतारावर

बायपासला लागण्याआधी एखाद्या मोकळ्या मैदानात मागे घेण्याचा सराव करा. हात स्टिअरिंगच्या खालच्या भागावर धरा. कॅरव्हॅनचं शेपूट ज्या बाजूला न्यायचंय त्याच बाजूला हात सरकवा. कोन वाढला तर सोडवत बसू नका, पुढे जाऊन सरळ करा आणि पुन्हा घ्या. वळणावर कॅरव्हॅनची चाकं गाडीच्या चाकांपेक्षा आतून जातात, म्हणून वळण उशिरा आणि रुंद घ्या.

वेग ६०-६५ वर ठेवा. ६० ऐवजी ८० नं गेलात तर ब्रेकनं जिरवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते. शेपूट डोलायला लागण्याचा धोकाही वेगाबरोबर वाढतो. बहुधा मोठी बस शेजारून गेली की हवेचा झोत आधी कॅरव्हॅन ढकलतो आणि मग ओढतो. डोलणं सुरू झालं तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचला, स्टिअरिंग सरळ धरा, बस. जोरात ब्रेक मारू नका, आणि कॅरव्हॅन डावीकडे गेली म्हणून स्टिअरिंग उजवीकडे फिरवू नका. तुमचा हात नेहमी अर्धा झोका उशिरा पोचतो आणि झोका वाढवतो. ‘वेग वाढवला की सरळ होते’ हा सल्ला उतारावर जीवघेणा आहे. डोलणं थांबल्यावर सुरक्षित जागी उभे राहा आणि सामान व टायर बघा. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

घाटात ट्रकवाले ज्या गिअरमध्ये चढतात त्याच गिअरमध्ये उतरतात. तेच करा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी पाडा. ऑटोमॅटिक गाडीत मॅन्युअल मोड लावा. ब्रेकवर पाय सतत ठेवू नका. ठाम दाबा, वेग दहा-पंधरानं खाली आणा, सोडा.

एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बऱ्याच कॅरव्हॅनचे ब्रेक ती गाडीला मागून ढकलते तेव्हा आपोआप लागतात. इंजिन ब्रेकिंगनं गाडी अडवून धरली की कॅरव्हॅन सतत ढकलत राहते, म्हणजे तिचे ब्रेक पूर्ण उतारभर थोडे थोडे लागलेले असतात आणि तुम्हाला पत्ताही नसतो. म्हणून लांब उतारात पहिल्या सुरक्षित रुंद जागी थांबा. जळका वास येतो का बघा, तळहात हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, जवळ न्या, चिकटवू नका. धग दोन्ही बाजूंना सारखी हवी. एकच बाजू तापली असेल तर ब्रेक अडकलाय किंवा बेअरिंग जातंय. तापलेल्या ब्रेक-ड्रमवर हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रम वेडावाकडा होतो. ठोकळे लावा आणि पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. उतरणाऱ्या वाहनांसाठी फलकांवर जो मार्ग दिला असेल तोच धरा, मोबाइलनं जवळचा दाखवला तरी.

मुक्कामी पोचल्यावर

आधी ठोकळे, मग हँडब्रेक, मग प्लग आणि केबल, आणि शेवटी कपलर. नाक चढाकडे असेल तर हँडब्रेक लावूनही कॅरव्हॅन वीतभर मागे सरकून मगच थांबते. तिला मागे घेता यावं म्हणून ब्रेक उलट्या दिशेला सैल पडतील अशीच रचना असते. तेव्हा दांडा पूर्ण वर खेचा, मागे कोणी उभं नाही ना बघा, आणि मागच्या बाजूचे ठोकळे घट्ट सारा. कोपऱ्यांचे पाय सगळ्यांत शेवटी टेकवा. ते डुगडुग थांबवण्यापुरते असतात. त्यांनी कॅरव्हॅन उचलायला गेलात तर पाय वाकतो आणि दरवाजाची चौकट पिळली जाते. एक बाजू खाली असेल तर त्या चाकाखाली फळी घालून वर घ्या, मग पाय टेकवा.