जुनी डिझेल पिकअप: इसार देण्याआधी काय काय तपासायचं

जुनी पिकअप पाहायला निघताना वहीच्या पानावर दोन रकाने आखा. पहिल्यात अशा गोष्टी, ज्या सापडल्या की व्यवहार तिथंच सोडायचा: कागद न जुळणं, चासीला तडा, इंजिन ऑइलमध्ये पाणी. दुसऱ्यात अशा, ज्यांची दुरुस्ती होते आणि जिचा खर्च किमतीतून वजा करून मागायचा: क्लचप्लेट, टायर, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, बॅटरी. बरेच जण याच्या उलट वागतात. हौद्याचा रंग उडालाय म्हणून चांगली गाडी नाकारतात, आणि नव्याने रंगवलेल्या गाडीच्या खाली न वाकताच इसार देऊन मोकळे होतात.

गाडी पाहण्याआधी तिचं काम ठरवा. त्यावरून कुठल्या सालची गाडी घ्यायची हे ठरतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हा धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला. त्याआधीच्या बीएस-4 डिझेलचा सायलेन्सर तुलनेने साधा असतो. बीएस-6 मध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि काही मॉडेलमध्ये त्याच्या जोडीला युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, फवारणारी यंत्रणा. डीपीएफ काजळी साठवतो आणि गाडी तापून सलग धावली की ती जाळून टाकतो. नाशिकमध्ये पंचवटीतून सातपूर, सातपूरहून अंबड अशा जवळच्या फेऱ्यांत इंजिन तापण्याआधीच बंद होतं आणि काजळी जळणं अर्ध्यात तुटतं. असं वारंवार झालं की डीपीएफ चोंदतो. काजळी जाळण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल काही गाड्यांत इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं आणि डिपस्टिकवरची पातळी खुणेच्या वर जाते. ऑइल कमी होणं सगळ्यांना कळतं. वाढलेलं दिसलं तर मात्र लोक खूश होतात. बीएस-6 गाडीत ते धोक्याचं लक्षण समजा. आमचं मत विचाराल तर निव्वळ शहरातल्या फेऱ्यांसाठी नीट राखलेली बीएस-4 बरी, आणि रोज मुंबई, सुरत किंवा धुळ्याची धाव असेल तर बीएस-6.

सुट्या भागांचा प्रश्नही घरी बसूनच सोडवता येतो. बोलेरो नाशिकमध्येच तयार होते आणि महिंद्राचा इंजिन कारखाना इगतपुरीला आहे, त्यामुळे त्या घराण्याच्या गाड्या उघडणारे हात इथे गल्लोगल्ली आहेत. दुसऱ्या कंपनीची गाडी घ्यायला हरकत नाही, पण आधी तीन दुकानांना फोन करा. क्लचसेट, एक इंजेक्टर, टर्बो आणि डीपीएफचा प्रेशर सेन्सर, या चार वस्तूंचा भाव आणि किती दिवसांत मिळेल हे विचारा. उत्तरं वहीत लिहा. घासाघीस करताना हेच आकडे कामाला येतात. द्राक्षाच्या हंगामात गाडी आठ दिवस सुट्या भागासाठी उभी राहिली, तर भाड्याच्या गाडीचा खर्च आणि हातचा गेलेला माल मिळून स्वस्तात घेतल्याचा फायदा तिथेच संपतो.

आता कागद. गाडीचा नंबर मिळाला की 'वाहन' पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर तपशील काढा: कितवा मालक, बोजा (कर्जाची नोंद) आहे का, विमा, पीयूसी आणि फिटनेस कधीपर्यंत. ई-चलनं वेगळी पाहा. पासिंगचा, म्हणजे फिटनेस तपासणीचा, हिशेब असा: नव्या मालवाहू गाडीला पहिली दोन वर्षं, मग गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे सात वर्षांची गाडी घेतली की वर्षभरात तुम्ही दरवर्षीच्या पासिंगमध्ये आलात. आरसीवरचं एकूण वजनही वाचा. ते 3,000 किलोच्या वर नसेल तर परमिट लागत नाही, वर असेल तर परमिट चालू आहे का ते पाहा. ड्रायव्हरच्या लायसन्सची चिंता मात्र नको. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं (एलएमव्ही) लायसन्स चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदलेली असेल तर तिला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबरप्लेट बसली आहे का, तेही बघून घ्या.

बोजा असेल तर 'हप्ते फिटलेत' या शब्दावर जाऊ नका. फायनान्सवाल्याची एनओसी आणि सही-शिक्क्याचा, बोजा उतरवण्याचा नमुना 35 हातात हवा. मालकी बदलासाठी विक्रेत्याच्या सह्यांचे नमुना 29 आणि 30 लागतात. गाडी मालेगावच्या एमएच-41 ची किंवा परराज्यातली असेल तर त्या आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना 28. चासीवर ठोकलेला 17 अक्षरांचा नंबर स्वतः घासून, टॉर्च मारून वाचा आणि आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नंबरच्या आसपास ग्राइंडरचे ओरखडे, तेवढ्याच पट्ट्यात ताजा रंग किंवा अक्षरांची उंची वरखाली दिसली तर पुढचं काही तपासू नका, घरी या.

किलोमीटरचा आकडा मीटरवरून नाही, कामावरून काढा. नाशिक ते वाशी मार्केट जाऊन-येऊन साधारण 340 किलोमीटर. वर्षाला 300 फेऱ्या धरल्या तर लाखाच्या वर जातात. हौद्यात क्रेटचे घासलेले पट्टे दिसतायत, विक्रेता 'भाजीपाला मुंबईला जायचा' म्हणतोय आणि चार वर्षांच्या गाडीच्या मीटरवर 80,000 आहेत, तर मीटर फिरवलेला आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद नंबरावरून काढून देण्याची विनंती मालकामार्फत करा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर, गिअरनॉब आणि ड्रायव्हरच्या सीटची कड यांचं वय मीटरशी जुळतं का पाहा. पेडलचं रबर नवं आणि आतली लोखंडी कड झिजलेली, हा नमुना वारंवार दिसतो.

गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि 'येण्याआधी सुरू करू नका' असं आदल्या दिवशी सांगा. पोचलात की आधी बॉनेटवर आणि रेडिएटरच्या पाइपवर हात ठेवा. गरम लागलं तर गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवली आहे. अशा वेळी दुसऱ्या दिवशी परत यायचं, कारण डिझेलचं खरं दुखणं थंड इंजिनातच दिसतं. निफाडकडे थंडीत पारा दहाच्या खाली उतरतो. तिथे पहाटे एका सेल्फमध्ये उठणारी गाडी चांगली.

सुरू करण्याआधी मल्टिमीटर बॅटरीला लावा. 12.4 ते 12.6 व्होल्ट हवेत, आणि इंजिन सुरू झाल्यावर 13.8 ते 14.4. डिपस्टिक काढून दोन बोटांत ऑइल चोळा. डिझेलचं ऑइल काळं असणारच, त्याला दोष देऊ नका. दुधाळ, मलईसारखं असेल तर पाणी शिरलंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. कूलंटवर तेलाचा तवंग किंवा गंजलेलं नुसतं नळाचं पाणी दिसलं तर हेड गास्केट आणि रेडिएटर दोन्हींबद्दल शंका घ्या.

सुरू झाल्यावर कोणीतरी सायलेन्सरमागे उभं राहावं. थंडीत क्षणभराचा पांढुरका धूर चालतो. तापल्यावरही पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट जळतंय. निळसर म्हणजे ऑइल जळतंय: रिंगा, वॉल्व्ह सील नाहीतर टर्बो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि त्याचं कारण कधी चोंदलेला एअर फिल्टर एवढं साधंही असतं. मग ऑइल भरायचं झाकण फिरवून तिथेच सैल ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक. उडून पडायला लागलं आणि भोकातून धूर ठोक्याठोक्याने फेकला जात असेल तर रिंगा आणि लायनर गेले, इंजिन काम मागतंय. इंटरकूलरचा पाइप काढायला सांगा. आत ऑइलचा पुसट थर असतोच. ऑइल साचलेलं असेल तर टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघा, कडेला टेकता कामा नये.

सीआरडीआय (कॉमन रेल) गाडीत सर्वात खर्चिक भाग डिझेलच्या वाटेवर असतो: हायप्रेशर पंप आणि इंजेक्टर. पाणी किंवा भेसळीचं डिझेल गेलं की पंपाच्या आत धातूचा चुरा सुटतो आणि तो पुढे इंजेक्टरांत जातो. म्हणून डिझेल फिल्टरच्या खालचा पाण्याचा स्क्रू सोडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि उन्हात धरा. तळाला पाणी दिसलं तर फिल्टर वेळेवर बदललेला नाही. चमचमते कण दिसले तर पंपच आतून झिजतोय. ही गाडी पहिल्या रकान्यात. इंजेक्टरची परीक्षा रिटर्न लाइनवर होते. जितके सिलिंडर तितक्या सारख्या बाटल्या लावून इंजिन पाच मिनिटं चालवायचं. ज्या बाटलीत इतरांच्या दुप्पट डिझेल जमलं तो इंजेक्टर झिजलेला. विक्रेता याला नाही म्हणत असेल तर सगळे इंजेक्टर दुरुस्तीला आहेत असं धरून किंमत बोला.

बीएस-6 गाडीला स्कॅनर लावल्याशिवाय घेऊ नका. स्कॅनरवाल्याला नुसते एरर कोड काढू नको म्हणावं. रेल प्रेशर, डीपीएफमधली काजळी, आधी-नंतरच्या दाबातला फरक आणि शेवटची सफाई किती किलोमीटरपूर्वी झाली, हे वाचायला लावा. कोड एकही नाही आणि सगळे मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्या) 'अपूर्ण' दाखवत असतील तर कोड नुकतेच पुसले असणार. डीपीएफच्या डब्यावर कापून पुन्हा वेल्डिंग केल्याची रेघ दिसली तर आतली जाळी काढून टाकलेली आहे. अशी गाडी पळते झकास, पण पीयूसी आणि पासिंगला तुमची अडचण होणार. डीईएफवाल्या गाडीत फवारणीच्या नोझलपाशी पांढरे खडे साचले आहेत का पाहा. डीईएफमध्ये 32.5 टक्के शुद्ध युरिया असतो. शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकला की पंप आणि कॅटॅलिस्ट दोन्ही जातात.

यानंतर गाडीखाली झोपायचं, आणि या कामाला घाई नको. पिकअपचं आयुष्य चासीत असतं. केबिनच्या मागे, जिथे हौदा सुरू होतो तिथे, आणि मागच्या पाट्यांचे ब्रॅकेट जिथे रिव्हेटने बसतात तिथे चासीची वरची-खालची कड तारेच्या ब्रशने घासा आणि टॉर्च तिरपा धरा. तडा केसाएवढा असतो. त्याच्या कडेने लालसर गंजाची रेघ ओघळलेली दिसते, कारण फटीत पाणी शिरून तिथूनच बाहेर पडतं. वरून पट्टी ठोकून वेल्डिंग केलेलं असेल तर त्या पट्टीच्या टोकापाशी नवा तडा सुरू झालाय का ते बघा. बाकी सगळी चासी मळलेली आणि एकाच ठिकाणी काळा रंग चकाकतोय, तर तिथे काही झाकलंय. पाटे मोजा आणि दोन्ही बाजू जुळवा. कंपनीपेक्षा एखादा जास्त पाटा घातला असेल तर गाडीने कायम ओव्हरलोड ओढलाय. खत, मीठ किंवा मासळी वाहिलेल्या गाडीत हौद्याच्या फळीखालचे आडवे लोखंडी पट्टे गंजतात. वरून पत्रा नवा असला तरी खालून स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा.

प्रोपेलर शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) टकटक आली किंवा सेंटर बेअरिंगचं रबर फाटलेलं असेल तर दुसऱ्या रकान्यात लिहा. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडून. पहिल्यात ढिलाई म्हणजे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, दुसऱ्यात म्हणजे स्टिअरिंगचे जॉइंट. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं: 2321 म्हणजे 2021 चा 23 वा आठवडा. खाचा 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी झाल्या की टायर संपला.

चालवून बघायची ती भरलेली गाडी. रिकामी पिकअप गंगापूर रोडला फिरवून काहीच कळत नाही. 50 किलोच्या 20 गोण्या किंवा 20 किलोचे 50 क्रेट भरले की एक टन होतो. तेवढा माल टाकून मुंबई रस्त्याने कसारा घाट उतरा आणि चढून या. ते लांब वाटलं तर पेठ रस्त्याचा सावळघाट घ्या. चढाला वरच्या गिअरमध्ये दाब द्या. इंजिनाचा आवाज चढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. तापमानाचा काटा मधल्या खुणेवर स्थिर राहायला हवा. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय उचलला की गिअर निसटतो का बघा. पाय उचलल्यावरच मागून घुंईऽ असा आवाज येत असेल तर डिफरन्शियलचा क्राऊन-पिनियन झिजलाय. घाट संपल्यावर थांबून चारही चाकांच्या जवळ हात न्या. एखादं फार तापलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. ब्रेकच्या बूस्टरसाठी इंजिन बंद करून पेडल चार-पाचदा मारा, दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल जरा खाली गेलं पाहिजे.

सगळं जमलं तर दुसऱ्या रकान्याची बेरीज करा आणि ती विक्रेत्यासमोर ठेवा. इसारपावतीवर चासी नंबर, ठरलेली रक्कम, आधीची चलनं आणि कर कोणी भरायचा, आणि 'बोजा न उतरल्यास इसार परत' ही ओळ लिहून घ्या. पूर्ण रक्कम बँकेतून, आणि ताबापावतीवर तारखेसोबत वेळही. पेठ रोडच्या आरटीओत नावावर करण्याचा अर्ज 30 दिवसांच्या आत, आणि विमा नावावर करायचा अर्ज 14 दिवसांच्या आत द्या. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. त्या फरकाचे पैसे विमा कंपनी मागेल, तेही बेरजेत धरा. पहिला माल भरण्याआधी इंजिन ऑइल, तिन्ही फिल्टर, कूलंट, गिअरबॉक्स आणि हाऊसिंगचं (डिफरन्शियलचं) ऑइल बदला, सगळ्या निपलांना ग्रीस मारा आणि त्या दिवशीचं किलोमीटर वहीत लिहून ठेवा.