डोकं, कंबर आणि थकवा: माझा अनुभव

मार्चपासून रोज दुपारी चारच्या सुमारास डोकं ठणकायचं, कंबर धरायची आणि बर्डीवरच्या ऑफिसचे दोन जिने चढताना धाप लागायची. नागपूरचं ऊन बाधलं असेल म्हणून कैरीचं पन्हं प्यायले, कूलरसमोरून पलंग हलवला. फरक शून्य. मग रोज एक वेदनाशामक गोळी सुरू केली, ती मोठी चूक. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस अशा गोळ्या घेतल्या तर त्यांच्यामुळेच डोकेदुखी चिकटून बसते, हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाईंनी खालची पापणी ओढून पाहिली. आतली बाजू पांढुरकी. पाळीत रक्त किती जातं, हे त्यांनीच पहिल्यांदा विचारलं. हिमोग्लोबिन ९.२ निघालं (बायकांमध्ये १२ च्या खाली म्हणजे कमी), ड जीवनसत्त्वही कमीच, ११. थायरॉईड ठीक होतं.

लोहाची गोळी मी चहासोबत घ्यायचे, तीही चूक. चहाने लोह नीट शोषलं जात नाही. आता लिंबूपाण्यासोबत घेते. ड जीवनसत्त्व आठवड्याला एकदा, त्यांनी सांगितलं तेवढंच. खुर्चीत कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी ठेवते.

डोकं तीन आठवड्यांत हलकं झालं, कंबरेला अडीच महिने लागले.

ताप, मान आखडणं, पाय बधिर होणं किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही सोबत असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.