सामुदायिक वीज एजन्सीच्या समितीवर बसण्याआधी: तयारीची यादी

सल्लागार समितीवरच्या नेमणुकीचं पत्र हातात पडलं की सगळ्यात आधी घरचं वीजबिल काढा. एकूण रक्कम राहू द्या, आतली पानं पाहा. कॅलिफोर्नियात सामुदायिक एजन्सीच्या (रहिवाशांसाठी वीज विकत घेणाऱ्या स्थानिक सार्वजनिक संस्थेच्या) ग्राहकाला बिल एकच येतं, पण त्यात हिशेब दोघांचे असतात. वीज विकत घेण्याचा हिशेब एजन्सीचा. खांब, तारा, मीटर, दुरुस्ती आणि बिल छापून पाठवणं हे काम जुन्याच खासगी वीज कंपनीचं. २००२ च्या एबी ११७ या कायद्याने ही वाटणी करून दिली आणि मे २०१० मध्ये मरिन काउंटीतली पहिली एजन्सी, म्हणजे आजची एमसीई, वीज पुरवू लागली. आता राज्यात अशा पंचवीसच्या आसपास एजन्सी आहेत. ही वाटणी डोक्यात पक्की बसवून घ्या, कारण नवे सदस्य पहिल्या बैठकीत हमखास वीज जाण्याबद्दल आणि झाडांत अडकलेल्या तारांबद्दल बोलतात. तक्रार खरी असते, पण समोरच्या संचालक मंडळाच्या ताब्यात एकही खांब नसतो आणि आपल्या वाट्याची मिनिटं तिथेच संपतात.

त्याच बिलात पीसीआयए नावाची ओळ शोधा आणि तिच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढा. ग्राहक कायम आपलेच राहणार असं धरून जुन्या कंपनीने अनेक वर्षांपूर्वी वीजखरेदीचे करार केले. त्यांतला बाजारभावापेक्षा जास्तीचा बोजा एजन्सीकडे गेलेल्या ग्राहकांनीही उचलायचा, तो या ओळीत येतो. बाजारात वीज स्वस्त झाली की ही ओळ फुगते, महाग झाली की आकसते. एजन्सीच्या विजेचा दर तिचं संचालक मंडळ स्वतः ठरवतं, हे खरं. पण तो दर आणि पीसीआयए मिळून जुन्या कंपनीच्या दराच्या फार वर गेले, तर लोक परत जातात. त्यांना तो हक्कच आहे: एजन्सी सुरू होताना सगळे आपोआप तिचे ग्राहक होतात, आणि नको असेल तर बाहेर पडा असं सांगणाऱ्या चार नोटिसा त्यांना पाठवाव्या लागतात. कार्यक्रमांसाठी (रिबेट, सवलती, ऊर्जाबचत) म्हणून जो पैसा उरतो तो या सगळ्यातून उरलेला असतो. म्हणून मी नव्या सदस्यांना पुन्हा पुन्हा सांगते, की कार्यक्रमाचा निर्णय कार्यक्रमाच्या बैठकीत होत नाही. तो अंदाजपत्रकात, दरात आणि वीजखरेदीत आधीच बराचसा होऊन गेलेला असतो. तयारी करायची ती त्या आधीच्या टप्प्यांची.

मग एजन्सीचा मूळ करारनामा मागवा. बहुतेक एजन्सी म्हणजे शहरं आणि काउंटी यांनी मिळून केलेली जॉइंट पॉवर्स अथॉरिटी असते आणि प्रत्येक शहर आपला एक निवडून आलेला प्रतिनिधी संचालक मंडळावर पाठवतं. करारनाम्यात मतदानाचं कलम आधी वाचा. साध्या मतदानात छोट्या गावाचं मत आणि मोठ्या शहराचं मत सारखं असतं, पण बऱ्याच ठिकाणी विजेच्या वापराच्या प्रमाणात मतं मोजण्याचीही सोय ठेवलेली असते. ती कधी आणि कुणाच्या मागणीवरून लागू होते, हे माहीत असेल तर कुणाशी आधी बोलायचं हे आपोआप कळतं. दुसरं कलम आपल्या समितीचं. सामुदायिक सल्लागार समिती ही सल्लाच देते, निर्णय घेत नाही. तरी सल्ला मंडळापर्यंत कसा पोचतो यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीपलीकडच्या ईस्ट बेमधल्या एजन्सीत (२०२३ पासून तिचं नाव आवा) सल्लागार समितीचा अध्यक्ष संचालकांच्या शेजारी बसतो, मत नसलं तरी आवाज असतो. काही ठिकाणी मात्र समितीचं दोन तासांचं बोलणं अधिकाऱ्यांच्या टिपणात दोन ओळींत आटोपतं. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते विचारा, आणि दोन ओळींची असेल तर समितीचं म्हणणं लेखी, मतदानासह, मंडळाच्या कागदपत्रांत जोडलं जावं असा ठराव पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मांडा.

ब्राउन कायदा, म्हणजे स्थानिक संस्थांच्या बैठका जनतेसमोर व्हाव्यात असं सांगणारा कॅलिफोर्नियाचा कायदा, १९५३ सालचा आहे आणि तो तुम्हालाही लागू आहे. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर व्हावी लागते आणि जो विषय तिच्यात नाही त्यावर निर्णय घेता येत नाही. म्हणजे बैठकीच्या दिवशी सुचलेली उत्तम कल्पना त्या दिवशी निरुपयोगी असते. ती किमान एक बैठक आधी सुचायला हवी, आणि विषयपत्रिका कोण आणि किती दिवस आधी बंद करतं हे ठाऊक हवं. बहुसंख्य सदस्यांनी बैठकीबाहेर आपसांत एखाद्या विषयावर चर्चा करणंही या कायद्यात बसत नाही, मग ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळीने का झालेली असेना. म्हणून अधिकाऱ्यांनी सगळ्यांना पाठवलेल्या ईमेलला उत्तर देताना 'सर्वांना उत्तर' हे बटण दाबायचं नाही. हे फार साधं वाटतं, पण चांगली माणसं इथेच चुकतात.

आता कॅलेंडर घ्या आणि उलट मोजत या. काही एजन्सींचं आर्थिक वर्ष जुलैत सुरू होतं, सगळ्यांचं नाही, त्यामुळे आपलं विचारून घ्या. अंदाजपत्रक मंजूर होण्याची तारीख लिहा, त्याआधी ते वित्त समितीकडे कधी जातं ते लिहा आणि त्याच्याही आधी अधिकारी पुढच्या वर्षीच्या विजेच्या मागणीचा अंदाज कधी बांधतात ते लिहा. या तिसऱ्या तारखेच्या आसपास अधिकाऱ्यांची भेट मागा. तेव्हा आकडे अजून ओले असतात.

या भेटीत राखीव निधीबद्दल विचारा, पण त्याला शत्रू समजून विचारू नका. एक काळ मीही म्हणायची की एवढे पैसे नुसते पडून कशाला. ऑगस्ट २०२० मध्ये उष्णतेची लाट आली, १४ आणि १५ तारखेला राज्यात पाळीपाळीने वीज बंद करावी लागली आणि बाजारात विजेचे भाव कडाडले. रिव्हरसाइड काउंटीतली वेस्टर्न कम्युनिटी एनर्जी ही एजन्सी त्याच वर्षी सुरू झाली होती. साठा जमवायला वेळच मिळाला नव्हता, त्यात साथीच्या काळातली थकलेली बिलं. २०२१ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिचे ग्राहक जुन्या कंपनीकडे परत गेले. मुद्दा असा, की राखीव निधीचं उद्दिष्ट किती दिवसांच्या खर्चाचं आहे आणि आपण त्याच्या कुठे आहोत, हे विचारा. उद्दिष्ट गाठल्यावर वरचा पैसा कुठे जातो (दर कमी करण्यात, कार्यक्रमांत की आणखी साठ्यात) याचं लेखी धोरण आहे का, हेही विचारा. नसेल तर ते करून घेणं हे तुमच्या पूर्ण कार्यकाळाचं काम ठरू शकतं, आणि माझ्या मते ते कुठल्याही एका रिबेटपेक्षा मोलाचं आहे.

वीजखरेदीचा भाग वरवर समजून घेतला तरी चालतो. २०१८ च्या एसबी १०० कायद्याने २०३० पर्यंत ६० टक्के वीज नवीकरणीय असायला हवी आणि २०४५ पर्यंत विकली जाणारी सगळी वीज कार्बनमुक्त. नवीकरणीय खरेदीचा ६५ टक्के भाग दहा वर्षं किंवा त्याहून लांबच्या करारांतून यावा लागतो. हे करार गुप्त वाटाघाटींतून मंडळापुढे येतात तेव्हा बदलायला काही उरलेलं नसतं, पण प्रस्ताव मागवतानाचे निकष मात्र आधी जाहीरपणे ठरतात. रिचमंडमध्ये तेलशुद्धीकरण कंपनीच्या जुन्या प्रदूषित जागेवर एमसीईने १०.५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करवला आणि बांधकामात स्थानिक रहिवाशांना घेण्याची अट घातली. अशी अट शेवटच्या सहीच्या वेळी घुसडता येत नाही. निकषांची बैठक कधी आहे ते डायरीत लिहा.

आता कार्यक्रमांकडे या, आणि इथे घाई करू नका. आराखडा हाती आला की त्यातला एक कार्यक्रम निवडा आणि एका खऱ्या घरात चालवून पाहा. आमच्या एका बैठकीत हीट पंपवर चालणाऱ्या, म्हणजे हवेतली उष्णता ओढून विजेवर पाणी तापवणाऱ्या वॉटर हीटरच्या रिबेटचा आराखडा होता. आकडे छान, तक्ते छान. एक भाडेकरू बाई उठल्या आणि त्यांनी फोन पुढे केला. फोटोत त्यांच्या स्वयंपाकघरातल्या विजेच्या पॅनेलचं उघडं दार होतं. आत ब्रेकरची रांग, एकही जागा रिकामी नाही, शेजारी कधीतरी पेन्सिलीने लिहिलेलं 'फ्रिज' आणि 'बेडरूम'. २४० व्होल्टच्या हीट पंपला सहसा ३० अँपिअरचा स्वतंत्र ब्रेकर लागतो. तो बसवायचा तर पॅनेल बदला, पॅनेल बदलायचं तर घरमालकाला विचारा, आणि घरमालक का बदलेल? खर्च त्याचा, बचत भाडेकरूची. बाईंनी पुढे आणखी एक गोष्ट सांगितली जी आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आली नव्हती. त्यांच्या इमारतीत तळघरात एकच गॅस बॉयलर होता आणि त्याचं बिल मालक भरत होता. प्रत्येक घरात वेगळा हीट पंप बसवला तर गरम पाण्याचा खर्च मालकाच्या गॅसबिलातून निघून भाडेकरूच्या वीजबिलात येणार होता. हवा स्वच्छ करणारा कार्यक्रम आणि महिनाअखेर त्यांच्याच खिशाला चाट.

तेव्हापासून मी प्रत्येक आराखड्याला हेच प्रश्न लावते. उपकरण कुणाच्या मालकीचं आणि बिल कुणाच्या नावावर? पॅनेलला हात न लावता काम होईल असा पर्याय आहे का? १२० व्होल्टच्या साध्या सॉकेटवर चालणारे हीट पंप वॉटर हीटर आता मिळतात, मग रिबेटच्या यादीत ते आहेत का? मालकाने पैसे घेतले तर ठरावीक काळ भाडं न वाढवण्याची, भाडेकरूला न काढण्याची अट आहे का आणि ती पाळली जाते हे कोण पाहणार? रिबेट आधी मिळते की काम झाल्यावर? आधी स्वतःचे पैसे घालावे लागणार असतील, तर हातावर पोट असणाऱ्यांसाठी तो कार्यक्रम नाहीच. आणि संध्याकाळी ४ ते ९ या महाग वेळात हे उपकरण काय करतं? दुपारी, सूर्याची वीज मुबलक असताना पाणी तापवून ठेवणारी टाकी ग्राहकाच्याही फायद्याची आणि एजन्सीच्याही, कारण एजन्सीला सगळ्यात महाग वीज याच वेळात घ्यावी लागते.

ज्यांच्याकडे छप्परही स्वतःचं नाही त्यांच्यासाठी काय आहे, हे वेगळं विचारा. डॅक-जीटी या योजनेत पात्र कुटुंबाला पूर्ण नवीकरणीय वीज २० टक्के सवलतीत मिळते, छपरावर काही बसवावं लागत नाही. जागा मर्यादित असतात, म्हणून त्या भरल्या आहेत का आणि प्रतीक्षायादी किती आहे ते विचारा. पात्रता बहुधा कॅलएन्व्हायरोस्क्रीन या, प्रदूषणाचा बोजा कुठे जास्त आहे ते दाखवणाऱ्या राज्याच्या नकाशावरून ठरते. नकाशा उपयोगी आहे, पण तो जनगणनेच्या विभागावर चालतो. सुखवस्तू विभागातली जुनी, दाटीवाटीची इमारत त्यात दिसत नाही. तिच्यासाठी केअर या कमी उत्पन्नाच्या घरांसाठीच्या सवलतीच्या दरावर असलेल्या ग्राहकांची इमारतवार संख्या मागा. नावं नकोत, संख्या पुरे.

पैशाचा आणखी एक झरा म्हणजे वीज कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या आयोगाकडून (सीपीयूसी) येणारा ऊर्जाबचतीचा निधी. एमसीईला तो २०१२ पासून चालवायला मिळाला. त्याचे नियम आयोगाचे असतात, त्यामुळे तिथे मंडळाला पटवून फारसं काही बदलत नाही. कुठला कार्यक्रम कुठल्या पैशावर चालतो एवढं आराखड्याच्या समासात लिहून ठेवा.

बैठकीच्या आदल्या दिवशी नवं काही वाचू नका. विषय क्रमांक, पान क्रमांक आणि नेमका बदल एका वाक्यात लिहा: 'अमुक पानावरच्या पात्रतेत बहुकुटुंबी इमारतींसाठी १२० व्होल्टचा पर्याय जोडावा.' ते वाक्य सुरुवातीला म्हणा, कारणं नंतर. समोरच्या टायमरवर पिवळा दिवा लागेपर्यंत कारणांतलं एखादं राहिलं तरी मागणी नोंदली गेलेली असते. भाडेकरू संघातल्या कुणाला बोलायचं असेल तर दुभाष्या आहे का, तो किती दिवस आधी सांगावा लागतो, ही चौकशी आठवडाभर आधी करा.

बैठक संपली की लगेच निघू नका. सचिवांना विचारा की हा विषय पुन्हा कधी येणार, आणि तारीख तिथल्या तिथे लिहून घ्या. पुढच्या बैठकीत आधीच्या बैठकीचं इतिवृत्त मंजुरीला येईल तेव्हा आपली सूचना त्यात शब्दशः आहे का ते तपासा. आणि ज्यांनी पॅनेलचा फोटो दाखवला होता त्यांना त्याच संध्याकाळी फोन करून ती तारीख सांगा.