घराचं काम आपल्या हातानं आणि घरात लहान लेकरू: या चुका टाळा

कापूस विकून चार पैसे हातात आले की आमच्या आर्णी-दारव्ह्याच्या पट्ट्यात घरं उकलायला सुरुवात होते. होळीपासून मृगापर्यंत जेवढं उरकेल तेवढं. घरकुलाचे पैसे मिळाले तरी त्यात सगळं काम मिस्त्रीकडून करून घेणं जमत नाही, म्हणून अर्धी भिंत नवरा-बायकोच उचलतात. आम्हीही तसंच केलं. जुनं कवेलूचं मातीचं घर तीन उन्हाळे खपून पक्कं केलं. सुरुवात केली तेव्हा पोरगा सव्वा वर्षाचा होता. आता कुणाकडे काम निघालं की मला बोलावणं येतं, थोडं वायरिंग बघायला आणि थोडा फुकटचा सल्ला ऐकायला. ओळंबा कसा धरायचा ते ऐकतात. लेकराबद्दल बोललो की म्हणतात, "काही होत नाही बापा, आम्ही लक्ष ठेवतो."

लक्ष ठेवतो हीच पहिली चूक. काम चालू असताना लक्ष सगळ्यांचंच असतं. ग्राइंडर सुरू झाला की आई पोराला कडेवर घेऊन लांब जाते, मिस्त्रीही ओरडतो. भानगड होते ती काम थांबल्यावर. साडेपाचला थापी टाकली, हातपाय धुतले, चहा मांडला. माणसं थकलेली, अंगणात सगळं जिथल्या तिथं पडलेलं, आणि दिवसभर खोलीत कोंडलेलं लेकरू नेमकं त्याच वेळी मोकळं सुटतं.

आमच्याकडे झालं ते याच वेळी. दुसऱ्या उन्हाळ्याचा मे महिना, दरवाजांना ऑइल पेंट चालला होता. थिनरच्या डब्यातून ओतताना सांडतं म्हणून मी अर्धा लिटर थंड्याच्या रिकाम्या बाटलीत काढून घेतलं. कुणी दुसऱ्यानं नाही, मीच. संध्याकाळी बाटली ओट्यावर राहिली, झाकण अर्धवट. पोरगा सव्वादोन वर्षांचा. त्याच्या लेखी ती बाटली म्हणजे लग्नात मिळालेलं गोड थंडं. ठसका ऐकून मी वळलो तर बाटली आडवी पडलेली, शर्ट भिजलेला आणि तोंडाला भपकारा. आई तांब्या घेऊन धावली, "मिठाचं पानी पाजा त्याले, उलटी होऊन जाईल!" माझंही बोट त्याच्या घशाकडे गेलंच होतं. बायकोनं हात धरला. तिनं गावच्या आशा वर्कर ताईंना फोन लावला होता आणि त्या पलीकडून एकच सांगत होत्या, उलटी करवू नका, निघा.

मोटरसायकलवर बाटली सोबत घेऊन तालुक्याला गेलो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "उलटी करवली का?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. थिनर, रॉकेल, पेट्रोल पोटात फार नुकसान करत नाही, ते फुप्फुसात उतरलं की घात करतं. उलटी करवली म्हणजे तेच पुन्हा घशातून वर आणायचं आणि श्वासनलिकेत जायला वाट द्यायची. दूध पाजूनही हाच धोका, कारण त्यानं उलटी होऊ शकते. ठसका लागला होता, म्हणजे थोडं आत गेलंच असणार, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. बोटाला ऑक्सिजनचं यंत्र, छातीचा एक्स-रे. सकाळी सोडलं. चार दिवस खोकला होता आणि मला चार दिवस जेवण गेलं नाही.

तेव्हापासून माझ्या घरी थिनर, रॉकेल, फरशी धुवायचं अ‍ॅसिड, काहीही मूळ डब्यातून बाहेर पडत नाही. ब्रश बुडवायला लागेल तेवढं स्टीलच्या जुन्या वाटीत आणि उरलेलं त्याच दिवशी परत डब्यात. डबे कुलूप लावलेल्या पेटीत आणि किल्ली माझ्या करदोट्याला. लोक हसतात. "इतकं काऊन करता?" म्हणणाऱ्याच्या अंगणात गेलं तर हमखास एखादी थंड्याची बाटली पिवळ्या पाण्यानं भरलेली सापडते.

दुसरी चूक पाण्याची. आपल्याकडे मे महिन्यात पाणी फेकवत नाही. टँकरचं पाणी, बोअर आटलेली, मग दोनशे लिटरचा कापलेला ड्रम रात्रभर अर्धा भरलेला राहतो, उद्याच्या मसाल्याला कामी येईल म्हणून. दीड-दोन वर्षांच्या लेकराचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. वाकून आत बघितलं की ते डोक्यावर जातं आणि मग स्वतःला वर ओढायची ताकद हातात नसते. बुडायला वीतभर पाणीही पुरतं. आणि बुडणारं लेकरू ओरडत नाही. शेजारच्या खोलीत चहा पिणाऱ्याला काही ऐकू येत नाही.

याचा उपाय मला कामातच सापडला. भिंतीला आणि स्लॅबला पाणी मारायची संध्याकाळ ही उत्तम वेळ, ऊन उतरलेलं असतं, पाणी उडून जात नाही. म्हणून ड्रममध्ये जे उरलं ते त्या दिवशीच्या भिंतीवर आणि ड्रम पालथा. आपल्या उन्हात निदान १० दिवस पाणी मारावंच लागतं. तीन दिवसांत उरकणारे नंतर भेगा दाखवायला मलाच बोलावतात. पाणी वाया जात नाही, भिंत पक्की होते आणि अंगणात ओला ड्रम उरत नाही. स्लॅबवर गाऱ्याचे बांध घालून पाणी साठवलं असेल तर जिना खालीच अडवायचा. लाकडी शिडी असेल तर उचलून आडवी ठेवायची.

ओल्या सिमेंटबद्दल कुणाला खरंच वाटत नाही, म्हणून सांगतो. मावसभावाची तीन वर्षांची पोरगी ताज्या कोब्यावर जाऊन बसली. सगळे हसले, फोटो काढला, आईनं फडक्यानं पुसलं आणि त्याच चड्डीवर झोपवलं. रात्री दहाला पोरगी रडायला लागली. मांड्यांवर लालजांभळे चट्टे, कातडी ओली आणि सुटलेली. ओलं सिमेंट चुन्यासारखंच दाहक असतं, फक्त ते लगेच बोलत नाही. कपड्यात अडकून राहिलं की तासन् तास कातडी खात बसतं आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. आजीनं तूप-हळद लावली होती, ती दवाखान्यात पुसून काढताना आणखी हाल. अंगाला लागलं की सगळे कपडे काढायचे, चपलासुद्धा, आणि वाहत्या साध्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धुवायचं. लिंबू नाही, व्हिनेगर नाही. यूट्यूबवर बघून आलेले हौशी बांधकामवाले हे दोन्ही सुचवतात. डोळ्यात उडालं तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ धुवायचं आणि मग थेट दवाखाना. कळीचा चुना विरवत असाल तर त्या दिवशी लेकरू त्या अंगणातच नको. पाणी टाकलं की तो उकळतो आणि उडतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

जुन्या सागवानी दरवाजाचा रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या ऑइल पेंटचा भरवसा नाही. ती धूळ लेकराच्या बोटांवरून तोंडात जाते. पाणी मारून ओला खरवडायचा, घराबाहेर, खाली ताडपत्री घालून, आणि चोथा गोळा करून टाकायचा.

सिमेंटचे जुने पत्रे घरात कापू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

वायरिंगला हात लावायच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आणि अर्थिंग. हे मी आग्रहानं सांगतो आणि लोक आधी फॅन्सी स्विच घेतात. उन्हाळ्यात लोखंडी कूलर, खाली ओली जमीन, एक्स्टेन्शन बोर्ड फरशीवर आणि लेकरू उघड्या पायानं. आणखी काय सांगायचं?

सेंट्रिंगच्या फळ्यांचे खिळे: जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून रोज संध्याकाळी अंगणभर ओढायचं. पहिल्या दिवशी किती निघतात ते बघा. आणि खिळा लागला तर धनुर्वाताची भीती, म्हणून त्यावरचा दीड वर्षाचा डीपीटी लशीचा बूस्टर कामाच्या गडबडीत राहिला असेल तर उपकेंद्रात जाऊन घ्या.

विटांचा ढीग झोपायच्या भिंतीला लावू नका. तिथं उंदीर येतात, विंचू येतात आणि उंदरांमागं मण्यार. तिचा चावा झोपेत कळतही नाही. काम चालू असताना लेकराला जमिनीवर झोपवायचं नाही, खाट आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचलेल्या. तरी झालंच तर बाबाबुवा नाही, १०८.

रेतीचा मोठा ढीग हे खेळायचं ठिकाण नाही. आत कोरलं की वरून ढासळतो आणि रात्री मांजरं तिथंच बसतात. पोराला खेळायची हौस असतेच, म्हणून मी चाळणीतून काढलेली रेती एका फुटक्या घमेल्यात वेगळी दिली, सोबत मोडक्या दांड्याची थापी. रात्री वर पोतं झाकायचं.

आणि लेकराला "दोन महिने आजोळी ठेवा" हा सल्ला मी देत नाही. दोन महिन्यांचं काम दोन महिन्यांत संपलेलं मी आजवर पाहिलं नाही. स्लॅबच्या दिवशी मात्र पोराला पहाटेच मामाकडे पोचवलं होतं. रात्री आठला घेऊन आलो, तेव्हा मिक्सर गेला होता, ड्रम पालथे होते आणि बायको कंदिलाच्या उजेडात चुंबक ओढत होती.