हॅमकवरच्या टार्पचं आढं बांधताना या चुका टाळा

हॅमकमध्ये, म्हणजे दोन झाडांना बांधलेल्या कापडी झोळीत झोपलेलं असताना रात्री दोन वाजता नाकावर थेंब पडला, की आपण वर छपरासारख्या ताणलेल्या टार्पला शिव्या घालतो. बऱ्याचदा टार्प बिचारा निर्दोष असतो, घोळ रिजलाइनचा असतो. घराला आढं असतं तशी ही टार्पची दोरी. तिचे प्रकार दोनच: या झाडापासून त्या झाडापर्यंत एकसंध, नाहीतर टार्पच्या टोकाच्या कड्यांना बांधलेले दोन आखूड तुकडे.

ताम्हिणीकडे ओळखीच्यांच्या आमराईत जुलैत पहिला मुक्काम केला, तेव्हा मी एकसंध दोरी टार्पच्या खालून नेली. म्हटलं, कापडाला आधार होईल. झालं असं, की आंब्याच्या खोडावरून ओघळणारं पाणी दोरी धरून आत आलं आणि बरोबर मधोमध, जिथे दोरीला जरासा झोळ होता, तिथून माझ्या स्लीपिंग बॅगवर ठिबकत राहिलं. साध्या चौकोनी ताडपत्रीला खालून आधार लागतो, हे खरं. मग टार्पच्या दोन्ही कडांलगत दोरीला वीतभर सुतळी बांधून लोंबती सोडा. पाणी तिथेच पागोळीसारखं गळून जातं. हॅमक झाडाला बांधायच्या पट्ट्यांनाही अशीच सुतळी हवी, पण टार्पच्या छायेत. बाहेर बांधली तर तिच्यापुढची पट्टी पुन्हा भिजते.

पावसाळ्यात मी आता एकसंध दोरी टार्पच्या वरूनच नेतो आणि टार्प दोन प्रुसिक गाठींनी तिला अडकवतो. प्रुसिक म्हणजे बारीक दोरीचा फास मुख्य दोरीभोवती वेढून मारलेली गाठ: ताण आला की पकडते, सैल असली की सरकते. हॅमकच्या मध्यावर आणायला गाठी नुसत्या सरकवायच्या. तुकड्यांच्या पद्धतीत त्यासाठी दोन झाडांमध्ये येरझाऱ्या घालाव्या लागतात. ती हलकी मात्र आहे, आणि कडा आत वळवून कापलेल्या टार्पला छान बसते. एकसंध दोरी नऊ-दहा मीटर तरी घ्या.

प्रुसिक सरकते? बहुधा फासाची दोरी मुख्य दोरीइतकीच जाड असणार. ३ मिमी दोरीवर २ मिमीचा फास, तीन वेढे. ओल्यात सरकली तर आणखी एक.

संध्याकाळी ताठ असलेलं आढं पहाटे लोंबतं, त्याचं कारण नायलॉन. ते पाणी पिऊन सैल होतं, म्हणून पॅराकॉर्ड किंवा कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी इथे नको, पॉलिएस्टर घ्या. सिलनायलॉनचा (सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा) टार्पही सैलावतो, तेव्हा झोपण्याआधी तणावे पुन्हा ओढा. बारीक झाडं आपल्या वजनाने आत झुकतात, तिथे आधी हॅमकमध्ये बसून मग आढं आवळा.

आणि एक गल्लत: हॅमकचीही एक रिजलाइन असते, त्याची दोन टोकं जोडणारी दोरी. तिची लांबी हॅमकच्या साधारण ८३ टक्के धरतात, म्हणजे ११ फुटी हॅमकला सुमारे ९ फूट १ इंच. तिचं काम झोळ ठरवण्याचं. टार्प तिच्यावर टाकला की तुम्ही कूस बदलाल तसं छप्पर हलणार.

ट्रकवाले माल आवळायला मारतात ती गाठ आढ्याला उत्तम, पण शेवट सुरगाठीने करा. मी आमराईत निरगाठ मारली होती. रात्रभर ताणलेली ओली गाठ, गारठलेली बोटं. अर्धा तास झगडून शेवटी चाकू काढला. त्या दोरीचे दोन तुकडे अजून माझ्याकडे आहेत, हिवाळ्यात तेच वापरतो.